माणसे वाढली, पाणी कुणाचे आटले?

मुंबईची लोकसंख्या 1951 मध्ये सुमारे 30 लाख होती. 2011 मध्ये ती 1.24 कोटींवर गेली. तहान भागवायला शहराचा हात तानसा, वैतरणा, भातसा असा लांब होत गेला. भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरभोवती हंड्यांची रांग लागते. आता मुंबईच्याच पाण्यासाठी प्रस्तावित गारगाई धरणाखाली तानसा अभयारण्यातले जंगल बुडवण्याचा घाट आहे. माणसे वाढली तर दुसरे काय होणार, असे कुणी विचारेल. संख्येचा भार खराच आहे. पण 2019-21 च्या पाहणीत राज्याचा जननदर 1.7 वर, म्हणजे लोकसंख्या स्थिर ठेवणाऱ्या 2.1 च्याही खाली आलेला असताना पाण्याची मागणी मात्र चढतीच आहे. आधी जलवाहिन्यांची गळती रोखा, सांडपाणी शुद्ध करून वापरा. जंगलाचा बळी त्याआधी मागणे आम्हाला मान्य नाही.