ब्योमकेशला अजित कशाला हवा?

खून कोणी केला हे आपल्याला शेवटच्या पानावर कळतं. तोवर आपलं बोट धरून गल्लीबोळांतून फिरवतं कोण? गुप्तहेर नक्कीच नाही, तो चार पावलं पुढे निघून गेलेला असतो. आपल्याबरोबर चालतो तो त्याचा जोडीदार. आपल्यासारखाच साधा, आपल्यासारखाच भलत्या माणसावर संशय घेणारा!

दूरदर्शनवर १९९३ साली आलेली बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ मालिका आठवते ना? धोतर नेसलेला रजित कपूर आणि त्याच्या शेजारी के. के. रैनाचा अजित. सत्यवती झाली होती आपली सुकन्या कुलकर्णी. मारामारी नाही, मोटारींचा पाठलाग नाही. एक खोली, चहाचे कप आणि दोन मित्रांच्या गप्पा. तरीही सगळं घर टीव्हीसमोरून हलत नसे.

शरदिंदु बंदोपाध्याय यांनी १९३२ साली या कथा लिहायला घेतल्या. ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ हा शब्द मुळीच आवडत नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो, म्हणजे सत्य शोधणारा. अजितशी त्याची गाठ पडते ती कलकत्त्याच्या एका मेसमध्ये. तिथे खोटं नाव सांगून राहायला आलेल्या ब्योमकेशला अजित आपल्या खोलीत जागा देतो. मेसमध्ये खून पडतो आणि या लेखक महाशयांना जन्माचा उद्योग मिळतो.

अजित नुसता वहीत टिपणं काढणारा नाही बरं का! एका कथेत कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसं मरून पडतात आणि त्यांच्या छातीत सापडते ग्रामोफोनची पिन. त्याच सुमारास वर्तमानपत्रात एक जाहिरात येत असते : वाटेतला काटा काढायचा असेल, तर शनिवारी संध्याकाळी अमुक ठिकाणी दिव्याच्या खांबापाशी उभे राहा. तिथे उभं कोण राहतं? अजित. तर्क ब्योमकेशचा, पण जीव धोक्यात घालायचा मित्राने!

मराठी वाचकांना आणखी एक गंमत सांगायला हवी. शरदिंदुबाबू १९३८ साली सिनेमासाठी मुंबईला आले आणि १९५२ पासून पुण्यात स्थायिक झाले. मधली बरीच वर्षं बाजूला पडलेला ब्योमकेश १९५१ साली पुन्हा अवतरला. म्हणजे कलकत्त्यातले त्याचे कितीतरी खटले पुण्यात बसून लिहिले गेले! शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टीही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या.

पण अजितची खरी गरज कळते ती ‘आदिम रिपु’ या कथेत. साल १९४६, कलकत्ता दंगलींनी होरपळलेलं. काळीपूजेच्या रात्री फटाक्यांच्या आवाजात गोळी सुटते आणि काळ्या पैशावर गब्बर झालेला एक माणूस मरतो. ब्योमकेश खुन्यापर्यंत पोचतो. पण १५ ऑगस्ट १९४७ ची पहाट उजाडताना तो त्याला पोलिसांच्या हवाली करत नाही, सोडून देतो. आणि त्या काळ्या पैशाच्या नोटा? त्यांना काडी लावतो!

हा न्याय झाला का? कायद्याचं पुस्तक ‘नाही’ म्हणेल. सत्य शोधणं हे बुद्धीचं काम, पण सापडलेल्या सत्याचं पुढे काय करायचं, हे ठरवताना नुसती बुद्धी पुरत नाही. अशा वेळी शेजारी एक साधा, सरळ माणूस लागतो. तो अडवत नसेल, पण त्याच्या डोळ्यांसमोर वाकडं पाऊल टाकायची लाज वाटते. अजितचं खरं काम हेच.

पुढे शेवटच्या काही कथांत लेखकाने निवेदन अजितच्या हातून काढून घेतलं. रहस्यं तितकीच पक्की राहिली, पण त्या खोलीतली ऊब जराशी कमी झाली.

आता तुम्हीच सांगा, त्या पहाटे अजितच्या जागी तुम्ही असता, तर गप्प राहिला असता?