हिशेबवहीतील ५०० डॉलर

अमेरिकन फुटबॉलमधील व्यावसायिकतेचा सर्वांत जुना ज्ञात लेखी पुरावा ॲलेघेनी ॲथलेटिक असोसिएशन या क्लबच्या १८९२ च्या हंगामातील जमाखर्चात आढळतो. १२ नोव्हेंबर रोजी पिट्सबर्ग ॲथलेटिक क्लबविरुद्ध खेळण्यासाठी येल विद्यापीठाचा माजी खेळाडू विल्यम हेफेलफिंगर याला ५०० डॉलर रोख दिल्याची नोंद त्यात असून, निसटलेला चेंडू उचलून प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपार नेत त्याने केलेल्या टचडाउनमुळे, ज्याला तेव्हा चारच गुण मिळत, क्लबने सामना ४-० असा जिंकला. हौशी, म्हणजे मोबदल्याविना खेळणारा, खेळाडू हाच त्या काळचा आदर्श असल्याने हा व्यवहार दडवला गेला. वस्तुतः कौशल्याला दाम देण्यात गैर काहीच नव्हते, आणि तरीही ती नोंद अनेक दशके अज्ञात राहिली.