अकरावीतच अर्ज करा

देवरूख आणि आसपासच्या वाड्यांतील पालकांनो, मुलगी यंदा अकरावी सायन्सला गेली असेल आणि तिला डॉक्टर व्हायचे असेल, तर नीटच्या क्लासची चौकशी करण्याआधी जात पडताळणीच्या मागे लागा.

राज्याच्या कोट्यात ओबीसींना 19 टक्के जागा आहेत. पण प्रवेशाच्या वेळी पडताळणीचे, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल, तर मुलगी खुल्या वर्गात धरली जाते आणि मिळू शकणारी जागा जाते. ज्या घरांत आधी कुणी डॉक्टर-इंजिनिअर झाले, तिथे हे कागद तयार असतात. आपल्याकडे बहुतेक घरांतून पहिलेच मूल या वाटेला लागते, आणि ते परीक्षेआधीच मागे पडते. मला हे सहन होत नाही.

पडताळणीसाठी ओबीसींना जातीचा 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, तोही वडिलांच्या बाजूचा. वडील मुंबईत जन्मले असतील तरी आजोबांची नोंद गावीच मिळण्याची शक्यता जास्त. आजोबा किंवा त्यांची भावंडे ज्या शाळेत गेली, तिथले जनरल रजिस्टर पाहा. शाळेचे तोंडच पाहिले नसेल, तर तहसील कार्यालयात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे गाव नमुना 14, मागा. कुठे ‘कुणबी’, कुठे ‘तिलोरी कुणबी’, कुठे नुसते ‘ति. कुणबी’ सापडेल. नोंदी वेगवेगळ्या दिसल्या म्हणून घाबरून एकही लपवू नका, खाडाखोड तर मुळीच नको. सख्ख्या चुलत्याकडे वैधता असेल, तर तिची प्रत मोलाची. जमिनीवरून बोलणे बंद असले तरी मुलीसाठी त्याच्या दारात जा. आणि चुलत्यांनो, तुम्हीही ती द्या.

देशपातळीवरच्या 15 टक्के जागांसाठी ओबीसींना केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो, हेही आताच लक्षात ठेवा.

पुढे कुणी ‘कोट्यातून आली’ म्हणाले, तर ठणकावून सांगा: एमबीबीएसचा पेपर सगळ्यांना एकच, पास व्हायचे गुणही तेवढेच. असे टोमणे हलके घेऊ नका. मे 2019 मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील तरुण डॉक्टरने आत्महत्या केली. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याच्या आरोपावरून खटला उभा राहिला. म्हणून मुलगी हॉस्टेलवर गेली की कुणी जातीवरून त्रास देते का, हेही फोनवर तिला विचारत राहा. काही कळले, तर तिला ‘सहन कर’ म्हणू नका. अधिष्ठात्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.