अक्कलदाढ : सोसायची की काढायची?



दोन वर्षांपूर्वी ऐन गौरी-गणपतीत माझी उजवीकडची शेवटची दाढ सुजली. घर पाहुण्यांनी भरलेलं, पुरणाचा घाट घातलेला, अशात कुणाला सांगणार? लवंग दाढेखाली धरली, यांच्या डबीतली उरलेली गोळी घेतली आणि पदर खोचला. चार दिवसांनी ठणका उतरला आणि मी विसरूनही गेले. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा दिवाळीच्या आधी सुजली, तेव्हा जेमतेम एक बोट जाईल एवढंच तोंड उघडत होतं. वर्गावर गेले तर मुलांना साधी कवितासुद्धा म्हणून दाखवता येईना. तेव्हा कुठे दाताच्या डॉक्टरांकडे गेले.

सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढला. अक्कलदाढ आडवी होऊन पुढच्या दाढेला टेकली होती. त्या फटीत अन्न अडकून पुढची धडधाकट दाढ मागच्या बाजूने किडली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘पहिल्यांदा सुजली तेव्हाच आला असतात, तर बहुतेक एकाच दाढेवर भागलं असतं.’’ अक्कलदाढ काढावी लागलीच, शिवाय शेजारणीचं रूट कॅनाल करून वर कॅप बसवावी लागली. पैसे गेलेच, पण आपलीच चूक म्हणून जीव जास्त हळहळला. तुमचं तसं होऊ नये म्हणून आजचं हे पान. मी काही डॉक्टर नाही, बी. ए. झालेली साधी शिक्षिका आहे. डॉक्टरांना विचारून जे नीट समजून घेतलं, तेवढंच सांगते.

अक्कलदाढा साधारण १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान येतात, म्हणजे मुलगी कॉलेजात असताना किंवा नुकती सासरी आलेली असताना. वरखाली मिळून ४ असतात, पण कुणाला दोनच येतात, कुणाला एकही येत नाही. त्यात काळजीचं काही नाही. सगळ्यांत शेवटी येत असल्यामुळे त्यांना जबड्यात जागा उरत नाही. मग काही तिरप्या येतात, काही अर्ध्याच वर येतात, तर काही हाडातच राहतात. अर्धी आलेली सर्वांत त्रासदायक. तिच्यावर हिरडीची एक झडप राहते, तिच्याखाली अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही आणि मग सूज येते.

मग प्रत्येक अक्कलदाढ काढायचीच का? मुळीच नाही. माझ्या वन्संची दाढ हाडात निवांत पडून आहे. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, ‘‘राहू द्या, अधूनमधून दाखवत जा.’’ ब्रिटनमध्ये २००० साली तिथल्या आरोग्यसेवेसाठी निघालेल्या सूचनांमध्येही निरोगी अक्कलदाढ उगीच काढू नये असंच सांगितलं आहे. पुढचे दात वाकडे होतील या भीतीपोटीही ती काढायची गरज नसते.

काढावी कधी? हिरडी पुन्हा पुन्हा सुजत असेल, दाढ भरता येणार नाही इतकी किडली असेल, शेजारच्या दाढेला धक्का पोचत असेल, किंवा एक्स-रेमध्ये गाठ दिसली तर. ‘वरची दाढ काढली की नजर जाते’ असं आमच्या सासूबाई म्हणायच्या. ते खरं नाही. मात्र खालच्या दाढेजवळून ओठाला आणि जिभेला जाणाऱ्या नसा असतात. त्यामुळे क्वचित काही काळ, आणि फारच क्वचित कायमची, बधिरता येऊ शकते. म्हणून ‘नस किती जवळ आहे?’ हे आधीच विचारा. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करायच्या गोळ्या, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी, दिवस गेलेले असणं, यातलं काहीही लपवू नका.

दुखत असताना कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भरा. हिरडीवर गोळी ठेवू नका, लवंगेचं तेल ओतू नका. दोन्हींनी आतली कातडी भाजते. बाहेरून गालाला गरम शेकही नको. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तर मुळीच घेऊ नका.

दाढ काढल्यावर डॉक्टर सांगतील तेवढा वेळ बोळा घट्ट चावून धरा. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. बाहेरून बर्फाचा शेक द्या. गार दही-भात, कोमट मऊ खिचडी, शिरा असं खा. मिठाच्या चुळा दुसऱ्या दिवसापासून. मिश्री लावणाऱ्यांनी ती तेव्हा तर बंदच करावी, आणि खरं म्हणजे कायमचीच. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, मग उतरते. पण तीन-चार दिवसांनी ठणका कमी व्हायच्या ऐवजी वाढला, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

आणि हे मात्र नक्की लक्षात ठेवा. ताप आहे, तोंड उघडत नाही, जबड्याखाली सूज आहे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी तडक मोठ्या इस्पितळात जा.

खर्चाची धास्ती असेल, तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे बरंच कमी पैशांत काम होतं.

मुलाचा दात दुखला तर आपण त्याच दिवशी त्याला घेऊन धावतो. स्वतःच्या दाढेला मात्र ‘सण होऊ दे, परीक्षा होऊ दे’ म्हणत बसतो. सण दरवर्षी येतो. माझी ती चांगली दाढ आता पहिल्यासारखी व्हायची नाही. तुमची शेवटची दाढ एकदा सुजून गेली असेल, तर याच आठवड्यात दाखवून या.