विमान कोण उडवितो?

विमान आकाशांत गेलें कीं लोक वैमानिकाचें नांव घेतात. परंतु तें सुटण्यापूर्वीं ज्यानें इंजिन उघडून पाहिलें, पंख व चाकें तपासलीं आणि 'फॉर्म ७००' वर सही करून वैमानिकाच्या जिवाची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली, त्या फिटर-रिगरास कोणी विचारीत नाहीं. ज्या समाजांत लेखणी सोंवळी व हातोडा ओंवळा ठरला, तेथें याहून निराळें काय होणार?

१ एप्रिल १९३३ रोजीं हिंदी हवाई दलाची पहिली तुकडी कराचीस उभी राहिली. तींत मूठभर अधिकारी होते व त्यांच्यासोबत 'हवाई सिपाही' म्हणविणारे कारागीर होते. पुढें दुसरें महायुद्ध पेटलें आणि सरकारास कारागिरांची टंचाई भासूं लागली. तेव्हां १९४० सालीं तांत्रिक शिक्षणाची योजना निघाली. रेल्वेचे कारखाने व तांत्रिक शाळा हीं तिचीं केंद्रें झालीं. १९४२ च्या जुलैपासून हें मजूर खातें डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांजकडे होतें. गरज पडली तेव्हां साध्या घरचा मुलगाहि कांहीं महिन्यांत यंत्रावर हात बसवूं शकतो, हें सरकारास कबूल करावें लागलें. 'यांस विद्या झेपावयाची नाहीं' असें पिढ्यान् पिढ्या सांगणाऱ्यांनीं याचें उत्तर द्यावें!

आतां आमच्या कल्याणकडे पहा. याच युद्धांत नेवाळीस धावपट्टीसाठीं दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेतली गेली. जवळच उभारलेल्या लष्करी छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले व १९४९ सालीं तिचें उल्हासनगर झालें. युद्ध संपलें, विमानें गेलीं. शेतकऱ्याच्या मनांतील सल मात्र गेला नाहीं. जून २०१७ मध्यें नौदलाच्या कुंपणावरून नेवाळींत जो भडका उडाला, तो त्याच जुन्या दुखण्याचा.

आम्ही सैन्याचे वैरी नव्हे. देशास जमीन हवी, तर तसें उघड सांगावें व चोख मोबदला द्यावा. पण ज्यांच्या शेतांतून विमानें उडालीं, त्यांच्या मुलांच्या हातीं त्या विमानाचा पाना कां येऊं नये? १९५० पासून आय. टी. आय. निघाल्या, त्यांत या गांवांच्या पोरांस अगोदर जागा मिळाली पाहिजे.

आणि बांधवहो, आपणांसहि एक विनंती. कारकुनीच्या खुर्चीसाठीं मुलास झुरत ठेवूं नका. तेलानें काळे झालेले हात हलके नव्हेत. त्यांच्याच भरंवशावर वैमानिक आकाशांत जातो. जें युद्धाच्या घाईंत साधलें, तें शांततेंत साधत नाहीं असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें?