पट्टी जास्त, शाळा पडकी

विद्या सर्वांस मोफत, असे म्हणणे सोपे आहे. परंतु त्या विद्येचा पैसा कोठून येतो, हे पाहिल्यावाचून त्या बोलण्याचे मोल कळत नाही. अमेरिकेतील टेक्सास संस्थानात सॅन अँटोनिओ शहर आहे. तेथील हकीकत आमच्या शेतकरी व कारागीर वाचकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

त्या शहरात व उपनगरांत सरकारी शाळांचे निरनिराळे जिल्हे आहेत. प्रत्येकाचे मंडळ निराळे, हद्द निराळी, आणि हद्दीतील घरादारांवर बसविलेली पट्टीही निराळी. एजवुड जिल्ह्यात बहुतेक वस्ती मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. अलामो हाइट्स हे सधन गोऱ्यांचे उपनगर. १९६७-६८ साली एजवुडचे लोक शंभर डॉलरांच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट पट्टी भरीत. अलामो हाइट्सचे लोक ८५ सेंटच. तरी एजवुडच्या पट्टीतून शाळेस मिळत दर मुलामागे २६ डॉलर, आणि अलामो हाइट्सला ३३३! घरेच स्वस्त, तर पट्टी वाढवून किती वाढणार? संस्थान सरकारने तरी गरिबास हात द्यावा. पण त्याची मदत एजवुडला २२२ डॉलर आणि अलामो हाइट्सला २२५. याला न्याय म्हणावे काय?

१९६८ च्या मे महिन्यात एजवुडची मुले वर्ग सोडून बाहेर पडली. पत्र्याचे काम करणारे कारागीर डेमेट्रिओ रॉड्रिग्ज यांनी इतर पालकांसह फिर्याद गुदरली. खालच्या कोर्टात ते जिंकले. परंतु १९७३ साली वरिष्ठ न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरविला. शिक्षणाचा हक्क देशाच्या घटनेत लिहिलेला नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले. न्यायमूर्ती थरगुड मार्शल यांनी विरोधी मत नोंदविले.

पालक मात्र स्वस्थ बसले नाहीत. टेक्सासच्या स्वतःच्या घटनेत मोफत शाळांची तरतूद सरकारवर सोपविलेली आहे. तिचा आधार घेऊन एजवुडने १९८४ साली पुन्हा दाद मागितली आणि १९८९ साली संस्थानच्या न्यायालयात एकमताने जय मिळविला. पुढे १९९३ च्या कायद्याने श्रीमंत जिल्ह्यांच्या पट्टीचा काही भाग गरीब शाळांकडे वळविला. पहिल्या फिर्यादीपासून या कायद्यापर्यंत पंचवीस वर्षे गेली. तेवढ्यात त्या वर्गांतील मुलांची मुले शाळेत जाऊ लागली असतील!

हद्दीची रेघ माणसाने ओढलेली असते. मूल कोणत्या बाजूस जन्मेल हे त्याच्या हाती नसते. म्हणून शाळेची पाटी वाचून समाधान मानू नका. पैसा कोणाकडून घेतला आणि कोणाच्या मुलावर खर्चला, तो हिशेब मागा. पत्र्याच्या कारागिराने तो मागितला, म्हणूनच जगाला कळला.