रोजकीर्द, घडणी आणि ‘नवीन फोल्डर (2)’

समजा, शिरोळ तालुक्याच्या इतिहासाचे एक वेब अ‍ॅप्लिकेशन उभे राहत आहे. सामग्रीला तोटा नाही. खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर, तेथील यादव सिंघणाचा शके 1136चा शिलालेख, नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम, कुरुंदवाडचे पटवर्धन संस्थान, 2005, 2019 आणि 2021चे महापूर.

प्रकल्प उघडावा तर आत काय दिसते? ‘फोटो’, ‘पीडीएफ’, ‘डेटा’, ‘नवीन’, ‘नवीन फायनल’, ‘नवीन फोल्डर (2)’. कोडच्या बाजूला ‘मॉडेल्स’, ‘व्ह्यूज’, ‘कंट्रोलर्स’. शिलालेखाचे छायाचित्र एका कप्प्यात, त्याचे वाचन दुसऱ्यात, आणि दोन्ही पडद्यावर आणणारा कोड आणखी तीन कप्प्यांत विखुरलेला.

याला मांडणी म्हणत नाहीत. वाण्याने दुकानातले सगळे डबे एका भिंतीला आणि सगळी झाकणे दुसऱ्या भिंतीला लावावीत, तसा हा प्रकार आहे.

फोल्डर हा केवळ संगणकवाल्यांचा विषय, इतिहासाचा त्याच्याशी काय संबंध, असे मानणाऱ्यांनी पेशव्यांच्या हुजूर दप्तराकडे पाहावे. तेथे दिवसभराची नोंद प्रथम रोजकीर्दीत पडे, तारखेच्या क्रमाने. पुढे त्याच नोंदी व्यक्तीच्या किंवा खात्याच्या नावाखाली पुन्हा उतरवल्या जात, ती घडणी. म्हणजे एकाच माहितीच्या दोन मांडण्या. एक घडल्या क्रमाची, तिला कोणी हात लावायचा नाही. दुसरी शोधणाऱ्याच्या सोयीची, पहिलीवरून केव्हाही नव्याने करता येईल अशी. आज डेटाबेसमधील मूळ तक्ता आणि त्यावरचा इंडेक्स यांचे नाते याहून फार निराळे नाही. 2005 साली आलेले गिट कोडमधील बदलांची क्रमवार नोंद ठेवते, तीही रोजकीर्दीच्याच जातीची.

ही शिस्त आपोआप टिकत नाही. नाना फडणिसांच्या काळात काटेकोर असलेले दप्तर दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत ढिसाळ झाले. 1818नंतर ते इंग्रजांच्या हाती गेले. 1852च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनपुढे प्रश्न एकच होता: कोणती जमीन कोण कोणत्या हक्काने खातो? त्या प्रश्नाच्या सोयीने कागद तपासले गेले, आणि ठिकठिकाणांहून गोळा झालेल्या कागदांचा ‘जमाव’ असा निराळा विभागच दप्तरात आला. नावच बोलके आहे. पुढे गो. स. सरदेसाई यांनी या रुमालांच्या डोंगरातून 1930 ते 1934 या काळात निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे अभ्यासकांना वाट दिसली.

शिरोळच्या शेजारी, मिरजेत, वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांची पत्रे कालक्रमाने लावली आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. सुटे पत्र ही बातमी असते. आधीच्या व नंतरच्या पत्रांमध्ये ठेवले की तेच पुरावा होते. फ्रान्समध्ये 1841च्या परिपत्रकाने हेच तत्त्व अभिलेखागारांना घालून दिले: कागद ज्या संस्थेत निर्माण झाला, त्या संस्थेच्याच कागदांसोबत राहावा, विषयवारीच्या हौसेने विखुरला जाऊ नये.

आता ‘मॉडेल्स, व्ह्यूज, कंट्रोलर्स’वाल्यांचा युक्तिवाद: ही जगन्मान्य पद्धत आहे. खरी गोष्ट अशी की ट्रिग्वे रेन्सकाउग यांनी 1979 साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ही कल्पना मांडली, ती जबाबदाऱ्यांच्या विभागणीची होती. फोल्डरांना तीच नावे देण्याचा रिवाज फार नंतरचा. 2004च्या रेल्स या फ्रेमवर्कने तो घरोघर पोचवला. त्याआधीच, 1972मध्ये, डेव्हिड पार्नास यांनी दाखवून दिले होते की प्रणालीचे तुकडे प्रक्रियेच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नयेत. जे निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, त्यांतील एकेक निर्णय एकेका तुकड्यात झाकावा. (दहा फायलींच्या प्रकल्पाला हे सारे लागू नाही. तिथे काहीही चालते, आणि चालू द्यावे.)

दुसरा युक्तिवाद अधिक आळशी आहे: ‘सर्च आहे की!’ सर्च शब्द सापडवतो, संबंध सापडवत नाही. कॅमेऱ्याने दिलेला चार आकडी क्रमांक हेच ज्या छायाचित्राचे नाव, ते ‘खिद्रापूर’ टाइप करून कसे मिळणार? आणि मिळाले तरी ते कोणी, कधी, मंदिराच्या कोणत्या बाजूने टिपले, हे सांगणारे तिथे काय असणार?

उपाय जुनाच आहे. ‘मूळ’ नावाचा एक फोल्डर, त्यात सामग्री ज्याच्याकडून आली त्याच्या नावाने आणि आली त्या तारखेने. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, म्हणजे क्रम आपोआप लागतो. तेथे कापाकापी नाही, रंग उजळणे नाही. लहान केलेल्या प्रती, सुधारलेले तक्ते ‘तयार’मध्ये. ही रोजकीर्द आणि ही घडणी. कोडचे कप्पे कामाप्रमाणे: ‘शिलालेख’, ‘संस्थान’, ‘महापूर’. प्रत्येकात त्याचे पान, त्याच्या नोंदींचे नियम, त्याच्या चाचण्या. खरोखर सर्वांना लागते तेवढेच ‘सामायिक’मध्ये, त्या फोल्डरवर मात्र डोळ्यांत तेल घालून पहारा हवा, कारण जमाव तिथेच जमतो.

अशा प्रकल्पात 2019च्या पुराचे पान दुरुस्त करायचे झाल्यास ‘महापूर’ हा एक कप्पा उघडावा लागतो. एरवी पाच उघडावे लागतात, आणि पाचव्यात काय आहे हे ज्या विद्यार्थ्याला ठाऊक होते, तो एव्हाना पुण्याला नोकरीला गेलेला असतो.